वीस मार्चचा फळा

शाखेतल्या पांढऱ्या फळ्यावर दिनविशेष लिहायचं काम
माझ्याकडे आलं ते केवळ अक्षर बरं म्हणून.
वर तारीख, मध्ये एक ओळ, खाली मुदतठेवीचा दर.
एकच ओळ, असं केंजळे साहेबांचं म्हणणं.
लोक व्याज बघायला येतात, ज्ञान मिळवायला नाही.

ऑगस्टची पंधरा मला आवडते, तिथं कुणी वाद घालत नाही.
बाकीच्या तारखा म्हणजे बिबवेवाडीतल्या खोल्या,
एकीत तीन भाडेकरू, मोरी सामाईक,
आणि वीजबिल चौथ्याच कुणाच्या नावावर.

आज वीस मार्च.
शोधलं तर निघाले
जागतिक चिमणी दिन,
आंतरराष्ट्रीय आनंद दिन,
जागतिक मौखिक आरोग्य दिन.
कुठल्या सभेत ठरलं, अनुमोदन कुणी दिलं, देव जाणे.
सुट्टी एकाचीही नाही.
दातांना आनंदाची कल्पना नाही,
आनंदाला चिमणीची,
आणि चिमणी तर सकाळपासून
एटीएमच्या एसीमागं काड्या कोंबतेय,
तिचा आज कामाचा दिवस.

चौथं कुठल्याच यादीत नव्हतं.
चार वर्षांपूर्वी ह्याच तारखेला
शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात
आमच्या कागदावर शिक्का बसला.
शाई कमी पडली. कारकुनानं पुन्हा उठवला, थोडा बाजूला,
म्हणून माझ्या प्रतीवर दोन गोल आहेत,
एकमेकांत अडकलेले.
बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो.
पैसे त्यानं दिले. मी म्हटलं, निम्मे निम्मे.
तो म्हणाला, राहू दे आता.
ह्या दिवसाला शुभेच्छा देतात की दोन मिनिटं उभं राहतात,
मला अजून कळलेलं नाही.
जागतिक पातळीवर काही ठरलं असल्यास कळवावं.

तर मी तिन्ही दिवस लिहिले, बारीक अक्षरात, एकाखाली एक.
दराला जागा उरली नाही.
साहेब केबिनमधून बाहेर आले.
"मॅडम, साडेसात टक्के कुठे गेले?"
"चिमणीनं नेले," झुरंगे शिपाई म्हणाले.
रांगेतली दोन माणसं हसली,
खळदकर बाईही हसल्या, तोंडावर हात धरून.
फेब्रुवारीत त्यांचे उरलेसुरले दात काढले,
कवळी अजून तयार नाही.
पासबुक भरून घ्यायला महिन्यातून चारदा येतात,
नोंद एकच असते.
आज हसता हसता हात जरा खाली आला.
मी तेवढं बघितलं.
दोन दिवस बहुधा तिथंच साजरे झाले,
पण बोलले नाही,
बाईंना उगाच ओशाळं वाटलं असतं.

संध्याकाळी पुसायला गेले तर पुसेना.
मार्कर चुकला होता, पाकिटांवर लिहायचा, पक्का.
झुरंग्यांनी स्पिरिट आणलं, कापूस आणला.
आनंद पहिल्याच बोळ्यात गेला.
मौखिक आरोग्याला दोन लागले.
चिमणीतलं 'मणी' गेलं,
'चि' राहिलं.

दुसऱ्या दिवशी एकवीस.
वनं, कविता, कळसूत्री बाहुल्या, सगळे एकाच खोलीत.
साहेब म्हणाले, आजपासून फक्त दर.
मी दर लिहिला, ठसठशीत.
वर कोपऱ्यात ते 'चि' तसंच,
लग्नपत्रिकेत नावाआधी असतं तसं,
टिंब तेवढं नाही.

खळदकर बाई पासबुक घेऊन आल्या.
मान वाकडी करून वाचलं.
"चि. कोण गं? कुणाचं लग्न काढलंय?"
"नाव यायचंय अजून," मी म्हटलं,
आणि त्यांचं पासबुक मशीनमध्ये सरकवलं.
नवीन नोंद नव्हती.